नानांचा साप सुरतेच्या बरणीत

सुरतेहून परत येऊन पंधरा दिवस झाले. तेव्हापासून आमच्या धुळ्याच्या कचेरीत जो तो एकच विचारतोय, "मग ताई, पाहिला का साप?" मी फायलीत डोकं घालते आणि म्हणते, सांगेन सावकाश. आता गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही, हे कचेरीतल्या शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे उगाच तर्क चालू झालेत. म्हणून म्हटलं, लिहूनच टाकावं, एकदाचं.

ज्यांनी ही गोष्ट माझ्या तोंडून ऐकलेली नाही (असे लोक फार नसावेत) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझे वडील, नाना, नवापूरच्या पुढच्या एका पाड्यावर प्राथमिक शिक्षक होते. मी दुसरीत असताना एका गारुड्याकडून त्यांनी दोन तोंडांचा साप घेतला, तोही अंगावरचं नवंकोरं धोतर देऊन. एक तोंड पुढं आणि दुसरं शेपटीच्या जागी. लोक म्हणत, हा सहा महिने एका तोंडानं चालतो आणि सहा महिने दुसऱ्या. साप शाळेत मडक्यात ठेवला होता. दोन महिन्यांनी थंडीत तो मेला, तेव्हा नानांनी दवाखान्यातून स्पिरिट आणून तो बरणीत घातला आणि बरणी मांडीवर घेऊन आगगाडीनं सुरतेच्या कॉलेजात पोहोचवला. पुढं तो संग्रह विद्यापीठाच्या संग्रहालयात गेला. "सुरतेच्या म्युझियमात आमच्या नानांचा साप आहे," हे वाक्य मी तीस वर्षं म्हणत आले. लग्नात म्हटलं, हळदीकुंकवात म्हटलं, बढतीच्या मुलाखतीतसुद्धा म्हटलं.

आता त्याच पाड्यावर शाळेची नवी खोली बांधली आहे. तिथले वसावे गुरुजी नानांचे विद्यार्थी. त्यांचं मला पत्र आलं: खोलीला नानांचं नाव द्यायचं आणि भिंतीवर दोन तोंडांचा साप रंगवायचा. पेंटर ठरलाय, फक्त सापाचा खरा फोटो हवा. वसावेंनी शेवटी लिहिलं होतं, "ताई, मी गुरं सोडून शाळेत आलो तो त्या सापापायी." पत्र वाचून माझे डोळे भरून आले. शेजारच्या टेबलावरच्या कुलकर्णीबाईंचा कॅमेरा मागून घेतला, रोल भरला आणि निघाले.

बमरोली

माझा धाकटा भाऊ भास्कर पांडेसऱ्यात साड्या रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाऊसमध्ये रंगखात्यात आहे आणि राहतो बमरोलीला. माय त्याच्याकडेच असते. मी सुरतेला पूर्वी एकदाच गेले होते, प्लेगच्या आधी. तेव्हाच्या आठवणीनं मी स्टेशनावर उतरतानाच नाकाला पदर लावला आणि बाहेर आले तर काय! रस्ता झाडलेला. कोपऱ्यावर कचरा नाही. एक माणूस पुडी चुरगाळून चक्क खिशात घालत होता. मी तिथंच उभी राहिले. हे सुरतच ना, की झोपेत बडोद्याला उतरले?

"प्लेगनंतर असंच आहे, ताई," भास्कर म्हणाला. "भीती बसली सगळ्यांना."

शटल रिक्षाला हात केला तर रिक्षावाला न थांबताच ओरडला, "जगा नथी, बेन!" मी भास्करकडं पाहिलं. "नथी म्हणजे नाही," तो म्हणाला. "जागा नाही म्हणतोय." पुढच्यानंही तेच ऐकवलं. तिसऱ्यानं घेतलं, पण अर्धी मी आत आणि अर्धी रस्त्यावर. नथी म्हणजे नाही, हे त्या सकाळी मी पुरतं शिकले. लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडणार आहे.

पण शहर स्वच्छ झालं म्हणून बमरोलीची खाडी काही स्वच्छ झाली नव्हती. पुलावरून खाली पाहिलं आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं. खालचं पाणी चक्क जांभळं होतं!

"काल लाल होतं," भास्कर शांतपणे म्हणाला. "साड्यांचा माल कुठल्या रंगाचा चाललाय, ते पाण्यावरनं कळतं."

त्याची नखं निळी होती. साबणानं जात नाहीत, म्हणाला. मी त्याचा हात हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले आणि मग त्यालाच रागावले. दुसरं काय करणार?

घरात मात्र निव्वळ खानदेश. भास्करच्या बायकोनं, रेखानं, कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. पोरं टीव्हीसमोर आपसांत गुजराती बोलत होती, मायशी अहिराणी आणि माझ्याशी हिंदी, जणू मी दिल्लीहून आलेय. संध्याकाळी भास्करनं पोंक आणला. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण हे लोक तो शेव घालून, लिंबू पिळून आणि वर साखरेचे दाणे टाकून खातात. हुरड्यावर साखर! मी तोंड वाकडं केलं, पहिला घास घेतला आणि मग वाटी खाली ठेवलीच नाही. मिरीच्या शेवेनं जीभ चुरचुरत होती तरी.

माय कोपऱ्यात पाय पसरून बसली होती. तिला आता कमी दिसतं, पण ऐकू सगळं येतं. मी फोटोचं, भिंतीचं, वसावे गुरुजींचं सांगत सुटले. ती नुसती पोंक निवडत होती.

"माय, तुला आनंद नाही झाला का गं?"

"व्हयना ना," ती म्हणाली, म्हणजे झाला की. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "सापनं चित्र काढतीनच का?" चित्र काढणारच आहेत का? मी म्हटलं, अगं, मग काय, त्याच्यासाठीच तर आले. ती उठली आणि आत जाऊन पडली. मला वाटलं, नानांची आठवण आली असेल.

विद्यापीठ

भास्करनं दुसऱ्या दिवशीची पाळी बदलून घेतली होती. विद्यापीठाचं आवार पाहून मी हरखले. एवढी झाडं, एवढी शांतता, आणि पोरी सायकलींवरून बिनधास्त फिरतायत. संग्रहालय म्हणजे प्राणिशास्त्राच्या इमारतीतला एक लांबच लांब हॉल. व्हरांड्यातच किनाऱ्यावर वाहून आलेल्या देवमाशाचा जबडा ठेवलेला. त्याच्यात भास्कर उभा राहिला तरी वर हातभर जागा उरली. मी पटकन एक फोटो काढला. मग अग्निपंखांचा, म्हणजे भुसा भरलेल्या रोहित पक्ष्यांचा एक. मग मगरीचा. मग मगरीशेजारी भास्करचा. भास्कर म्हणाला, "ताई, रोल संपेल," तेव्हा भानावर आले.

आत फॉर्मलिनचा असा वास की डोळ्यांतून पाणी. कपाटांमागून कपाटं. एका कपाटात बरण्यांमध्ये न जन्मलेली पिल्लं ओळीनं, मांजराची, शेळीची, आणि शेवटी माणसाचं. बोटाएवढं बाळ, मुठी आवळलेलं. अगं आई गं! मी भास्करचा दंड धरला. आपल्याकडं असल्या गोष्टी बोलतसुद्धा नाहीत, आणि इथं मुलंमुली समोर उभी राहून वहीत आकृत्या काढत होती. एक पोरगी तर चक्क शेंगदाणे खात होती.

सापांचा विभाग शेवटच्या खिडकीशी. आणि तिथं, मधल्या फळीवर, खरोखर, ती बरणी होती. तिची ती खालची फुगीर काच मी ओळखली. आमच्या घरातली लोणच्याची बरणी होती ती! साप गोल वेटोळून बसलेला, रंग उडून चहासारखा झालेला. खाली गुजरातीत पाटी होती. गुजराती अक्षरं म्हणजे शिरोरेषा पुसलेलं मराठीच, मी एकेक अक्षर लावत गेले. आधी नाव दिसलं: गोविंद चिंधू पाटील, प्राथमिक शिक्षक. माझे नाना! सुरतेच्या विद्यापीठात, काचेच्या कपाटात, छापील!

मग वरची ओळ लावली: आ सापने बे मोढां नथी.

बे मोढां! दोन तोंडं! मी एवढ्या जोरात ओरडले की शेंगदाणेवाली दचकली. "भास्कर, वाच! बे मोढां नत्थी!" आमच्या कचेरीत एका कागदाला दुसरा जोडला की जुने हेडक्लार्क "नत्थी केला" म्हणायचे. माझ्या डोक्यात एकच आलं: दोन तोंडं जोडलेली. काय सुंदर शब्द योजलाय, म्हटलं! आदल्या दिवशीच्या रिक्षावाल्याचा मला पार विसर पडला होता.

भास्करचा चेहरा उतरला होता. पंधरा वर्षं सुरतेत काढलेला माणूस, त्यानं ओळ एका नजरेत वाचली होती.

"ताई," तो हळूच म्हणाला, "नथी."

"तेच म्हणतेय मी."

"नथी म्हणजे नाही गं. या सापाला दोन तोंडं नाहीत."

मी गारच पडले. मग एकदम कान तापले. मग मी भांडायलाच उठले. संग्रहालयाची देखरेख करणाऱ्या बेन, साध्या सुती साडीतल्या, चष्मा गळ्यात लोंबणाऱ्या, आवाज ऐकून आल्या. मी त्यांना मराठी-हिंदीची मिसळ करून जे सुनावलं ते इथं लिहीत नाही. सार एवढंच की माझ्या बापाची अशी चव्हाट्यावर अब्रू घ्यायचा तुम्हाला काय अधिकार? भेट दिलेली वस्तू आणि वर त्याच माणसाला खोटं पाडता? नाव घालून?

बेननी शांतपणे ऐकून घेतलं. कपाट उघडलं, बरणी खिडकीच्या उजेडात धरली आणि सापाचं दुसरं टोक मला दाखवलं. "जुओ बेन. एक ही मोढा है. ये पूंछ है. मदारी लोग गरम सळई से डाम देते हैं, आंख जैसा दिखे. जीभ नहीं, दांत नहीं." काळे दोन डाग होते. डागलेले. तीस वर्षं स्पिरिटमध्ये राहूनही भाजल्याच्या कडा दिसत होत्या. बिचाऱ्याला चटके देऊन दुसरं तोंड चिकटवलं होतं आणि आम्ही त्याची आरती ओवाळत होतो.

"पण मग नाव कशाला?" माझा आवाज आता रडका झाला होता. "नाव तरी झाकायचं."

"नाम तो उन्होंने खुद लिखवाया," बेन म्हणाल्या.

त्यांनी खालचा खण उघडला. एका फोल्डरमध्ये प्लास्टिकखाली एक पिवळं पडलेलं पोस्टकार्ड होतं. "शाई उडती है, इसलिए बाहर नहीं रखते. मराठी है, आप पढो." अक्षर पाहिलं आणि मी खुर्चीच शोधली. ते वळण मी पाटीवर गिरवलेलं आहे. मी नक्कल करून आणली, ती अशी:

"सा. न. वि. वि. आपले गुजराती पत्र वाचून समजले. माझ्या सापास एकच तोंड आहे व दुसरे डाग देऊन केलेले आहे, हे आपण कळविले ते बरे केले. मी शिक्षक असून फसलो. साप दोन महिने माझ्याजवळ होता. तो एकाच तोंडाने खातो, हे मी रोज डोळ्यांनी पाहिले. तरी दुसऱ्या तोंडाची वाट पाहत राहिलो, कारण सहा महिने पुरे झाले नव्हते. आपण विचारता की हा नमुना लोकांच्या समजुतीसाठी ठेवला तर नाव गाळावे काय. गाळू नये. चूक माझी, तर नावही माझेच असावे. मुले विचारतील की हा कोण शहाणा, तर शिक्षक होता असे सांगावे. नाव लिहिण्यास हरकत नाही."

हरकत नाही! वीस वर्षं मी कचेरीत हे दोन शब्द टाइप करतेय. दिवसाला पाचपन्नास वेळा, एकदाही मन न लावता. ते वाचून मी त्या बरण्यांच्या मध्ये बसून हमसून हमसून रडले. भास्कर पाठीवर हात ठेवून उभा. बेन पाणी घेऊन आल्या. मी त्यांची माफी मागितली, तर म्हणाल्या, "अरे बेन, दर साल बच्चे ये पाटी पढते हैं, हसते हैं, फिर चुप हो जाते हैं. ये हमारा सबसे अच्छा नमूना है."

नमुना! माय नानांना चिडून नेहमी म्हणायची, काय नमुना आहे हा माणूस. मला रडता रडता हसू फुटलं.

रोलमध्ये एकच फोटो उरला होता. तो सापाचा काढला.

पुन्हा बमरोली

परतीच्या रिक्षात मात्र मला राग आला. नानांचाच. सुरतेच्या अनोळखी लोकांना खरं कळवलं आणि आम्हाला? गावाला? सुरतेहून त्यांचं गुजराती कार्ड घरी आलं तो दिवस मला आठवतो. नानांनी गुजरातीतली पहिली ओळ मोठ्यानं वाचली होती, "आपली भेट पोहोचली, आभारी आहोत," आणि कार्ड खिशात घातलं होतं. आणि नंतर जन्मभर, कुणी सापाचा विषय काढला की नाना उठून मोरीत पाय धुवायला जायचे. मी आपली कौतुकानं सांगायची, किती विनयशील!

घरात शिरले तर माय उंबऱ्याशीच बसलेली.

"साप दखा?" साप पाहिलास? मी हो म्हटलं.

"कितला तोंड शेतस?" किती तोंडं आहेत?

तिच्या आवाजावरून मला कळलं. मी तिच्यासमोर खाली बसले.

"माय, तुला माहीत होतं?"

"त्यास्नी माले तवयच सांगं," ती म्हणाली. त्यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं.

मग तिनं सगळं सांगितलं, अहिराणीत, अडखळत, मधेच थांबत. पत्र आलं त्या रात्री नाना जेवले नाहीत. म्हणाले, उद्या शाळेत मुलांना सांगतो, मी फसलो. माय आडवी आली. सापामुळं पाड्यावरची पोरं पहिल्यांदा शाळेत यायला लागली होती. त्यांच्या आईबापांना शाळेचा भरवसा नव्हताच. साप खोटा निघाला तर मास्तरही खोटा म्हणतील आणि पोरं परत गुरांमागं धाडतील, असं तिनं नानांना सांगितलं, पोराबाळांची शपथ घातली. नाना गप्प बसले आणि तसेच गेले.

"मरताना भी मना कडे दखी राहिंतात," ती म्हणाली. मरतानाही माझ्याकडं बघत होते. "सापले एकच तोंड व्हतं, पोरी. दुसरं मी त्यास्ले लाई दिन्हं."

सापाला एकच होतं, दुसरं मीच त्यांना लावून दिलं. अशा वेळी मला बोलता येत नाही, हे मलाही त्या दिवशीच कळलं. मी तिचा हात धरला. बाहेर रेखा पोरांना ओरडत होती. शेवटी मीच विचारलं, "मग वसावे गुरुजींना काय कळवू?"

तिनं पदरानं डोळे पुसले. "मी मरानी वाट नको दखू," ती म्हणाली. मी मरायची वाट पाहू नकोस. "आते सांगी टाक."

धुळे

तर पाहिला साप. त्याला एकच तोंड आहे. तीस वर्षं मी तुम्हा सगळ्यांना दोन सांगितली, आणि वर वाद घालणाऱ्यांना मूर्ख म्हटलं. कुलकर्णीबाई, तुम्हाला तर दोनदा म्हटलं. माफ करा.

वसावे गुरुजींना पत्र मी काल कचेरीतच टाइप केलं, डबा न खाता. त्यात सगळं लिहिलं. वाचून त्यांना काय वाटेल, गुरं सोडून ज्याच्यापायी आलो तो सापच खोटा, याची मला धास्ती आहे. उत्तर यायचंय. पण खोलीला नाव द्यायचं असेल तर नानांचं पोस्टकार्ड भिंतीवर रंगवा, सापाखाली, शब्द न शब्द, असं मी लिहिलं. आणि जिनं ही चूक गावभर केली तिचं, म्हणजे माझंही नाव खाली घालायचं असेल तर हरकत नाही. मग सवयीनं डाव्या कोपऱ्यात टाइप केलं:

सोबत नत्थी: सापाचा फोटो, एक. नानांच्या पत्राची नक्कल, एक. तोंड, एक.